विकेड (दोन्ही भाग): नाटक पाहिलेल्यांनी आणि न पाहिलेल्यांनी इथे लिहा

तिसरी घंटा

आधीच सांगते, खाली दोन्ही सिनेमांची गोष्ट उघड केली आहे. बघायचे राहिले असतील तर हा धागा नंतर उघडा.

गेल्या शनिवारी लेकीबरोबर घरी ‘विकेड’चे दोन्ही भाग लागोपाठ पाहिले. थिएटरात एकेका वर्षाच्या अंतराने पाहिले होते, पहिला नोव्हेंबर २०२४मध्ये आणि दुसरा नोव्हेंबर २०२५मध्ये. लागोपाठ पाहिल्यावर मात्र जे जाणवलं ते दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

नाटक मी लंडनला अपोलो व्हिक्टोरियात पाहिलं होतं. २००६पासून ते तिथे चालू आहे. परवडणारं तिकीट म्हणजे वरच्या मजल्यावरची शेवटून दुसरी रांग. रंगमंचाच्या कमानीवर एक भलाथोरला यांत्रिक ड्रॅगन बसवलेला, पडद्यावर ओझच्या राज्याचा नकाशा आणि त्यात मधोमध हिरवं चमकणारं पाचूनगर. हिरव्या कातडीच्या नायिकेचा, एल्फाबाचा, चेहरा मला तिथून अंगठ्याच्या नखाएवढा दिसत होता. पहिल्या अंकाच्या शेवटी ‘डिफाइंग ग्रॅव्हिटी’ सुरू झालं. सैनिक तिला धरायला येतात, ती झाडू हातात घेते आणि वर जाऊ लागते. खरं तर होतं एवढंच, की एक यंत्र तिला उचलतं, काळा झगा खाली पसरत जातो, धूर आणि प्रकाशाचे झोत. यंत्र आहे हे त्या थिएटरात प्रत्येकाला कळत होतं. तरी शेवटचा सूर लागला आणि अंधार झाला तेव्हा शेजारच्या अनोळखी आजींनी माझा दंड घट्ट धरला होता. मध्यंतरात दहाएक मिनिटं मी जागची हललेच नाही.

ज्यांना गोष्टच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एल. फ्रँक बॉम यांचं ओझच्या जादूगाराचं पुस्तक १९००चं, त्यावरचा प्रसिद्ध सिनेमा १९३९चा. त्यातली दुष्ट चेटकीण नक्की कोण होती, दुष्ट कशी झाली, हा प्रश्न धरून ग्रेगरी मॅग्वायर यांनी १९९५मध्ये कादंबरी लिहिली. बॉमच्या पुस्तकात चेटकिणीला नावच नाही. मॅग्वायरनी बॉमच्या नावाची आद्याक्षरं एल, एफ, बी जोडून ‘एल्फाबा’ केलं. २००३मध्ये ब्रॉडवेवर नाटक आलं. गाणी स्टीफन श्वार्ट्झ यांची, संहिता विनी होल्झमन यांची. ते आजही चालू आहे. यातली मला फार आवडणारी गोष्ट अशी, की कादंबरीचे हक्क आधी सिनेमासाठीच घेतले होते. श्वार्ट्झनी निर्माते मार्क प्लॅट यांना पटवलं की हिचं आधी संगीत नाटक व्हायला हवं. त्याच प्लॅटनी वीसेक वर्षांनी सिनेमा काढला. दिग्दर्शक जॉन एम. चू यांनी विद्यार्थी असताना सॅन फ्रान्सिस्कोला, ब्रॉडवेच्याही आधीचे प्रयोग चालू असताना ते पाहिलं होतं.

आता माझं म्हणणं.

ओझडस्टचा प्रसंग आठवा. विद्यापीठातल्या तिच्या खोलीतल्या सोबतिणीने, गॅलिंडाने (हिचीच पुढे ग्लिंडा होते), थट्टा म्हणून दिलेली ती टोकदार काळी टोपी घालून एल्फाबा नाचघरात येते. सगळे हसतात. संगीत थांबतं. ती पळून जात नाही, मधोमध एकटीच नाचू लागते, हातांच्या विचित्र हालचाली, पायांचा आवाज तेवढा ऐकू येतोय. मग गॅलिंडा पुढे येते आणि तिच्यासारखंच करू लागते. हळूहळू दोघींचे हात जुळतात आणि गॅलिंडा तिच्या गालावरचा अश्रू पुसते. हे नाटकातही आहे. शेवटून दुसऱ्या रांगेत मला ते गमतीशीर वाटलं होतं, लोक हसतही होते. सिनेमात कॅमेरा एल्फाबा झालेल्या सिंथिया एरिव्होच्या चेहऱ्यापाशी इतका जवळ जाऊन थांबतो, की ती किती घाबरली आहे आणि ते लपवायला तिला किती जोर लावावा लागतोय, ते दिसतं. गॅलिंडा झालेल्या आरियाना ग्रांडेच्या चेहऱ्यावर आधी लाज येते, मग माया. मला नाटक पाहून इतकी वर्षं झाली, पण या दोघींची मैत्री खरी कुठे लागते ते मला सिनेमात कळलं.

आणि तोच सिनेमा ‘डिफाइंग ग्रॅव्हिटी’ला गाण्याचे तुकडे करतो. दोन ओळी झाल्या की पाठलाग, मग संवाद, पुन्हा दोन ओळी, खिडकीतून उडी, खाली पडताना काचेत लहानपणची एल्फाबा, झाडू हातात, मग गाणं. प्रत्येक तुकडा देखणा आहे. पण ते गाणं पायरी पायरीने चढत जातं, मध्ये उतरवलं की पुढच्या पायरीला पुन्हा जमिनीवरून सुरुवात करावी लागते. नाटकात ती दहा-पंधरा फूट वर गेली असेल नसेल. सिनेमात आभाळभर फिरते. तरी मला ती त्या यंत्रावरच जास्त उंच गेलेली वाटते.

तुम्हाला काय वाटलं?

कोपऱ्यातली खुर्ची

वाचलं. फार मनापासून लिहिलंय. सवडीने लिहितो, रंगांबद्दल बरंच बोलायचं आहे.

जर्सीकर

ओझडस्टबद्दल शंभर टक्के सहमत. ‘डिफाइंग ग्रॅव्हिटी’बद्दल अजिबात नाही, पण त्याआधी एक सांगते.

मी न्यू जर्सीत चौदा वर्षं आहे. ब्रॉडवेवर हे नाटक जिथे चालू आहे ते गर्श्विन थिएटर माझ्या ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर. इतक्या वर्षांत नाटक पाहिलेलं नाही. आधी शिक्षणाचं कर्ज होतं, मग मुलं लहान होती. स्वस्त तिकिटांची लॉटरी असते, त्यात कितीतरी वेळा नाव दिलं, लागलं नाही. चौघांच्या तिकिटांचे पैसे मोजले की प्रत्येक वेळी मन मागे यायचं. सिनेमा आला तेव्हा पहिल्याच आठवड्यात सगळे गेलो. आई सांगलीहून आली होती, तिलाही नेलं.

आईला इंग्रजी जेमतेम समजतं. पहिला तासभर ती शांत बसून रंग बघत होती, मी मधूनमधून कानात सांगत होते. ओझडस्टच्या नाचाला मी सांगायला तोंड उघडलं तर तिने हाताने थांबवलं. घरी येताना गाडीत म्हणाली, “त्या गोऱ्या पोरीला आपण काय केलं ते उमगलं, म्हणून ती नाचली. नाही का?” मी काहीही सांगितलं नव्हतं.

म्हणून मला पडद्याचं मोल फार आहे. शेवटच्या रांगेचं तिकीट ज्यांना मिळत नाही अशा माणसांच्या हाती ही गोष्ट सिनेमामुळे आली. आणि हो, एल्फाबा आभाळभर फिरली तेव्हा आमच्या रांगेतल्या आठ वर्षांच्या मुलीने दोन्ही हात वर केले होते. तिला यंत्र आठवत नव्हतं, तिच्यासाठी तेच पहिलं उडणं होतं.

तिसरी घंटा

जर्सीकर, आईंचं वाक्य वाचून डोळे भरून आले. आणि तिकिटाचा मुद्दा मला सुचायला हवा होता. मी एकटी होते, विद्यार्थी सवलतीत गेले होते. आज चौघांना घेऊन जायचं तर मीही विचार केला असता.

गाण्याचे तुकडे मात्र अजूनही खुपतात. कुणी संगीतातलं जाणकार आहे का इथे?

पेटीवाला

जाणकार नाही, पण पेटी घेऊन बसलो आणि पाहिलं. एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे.

एल्फाबा पहिल्यांदा ‘द विझार्ड अँड आय’मध्ये ‘अनलिमिटेड’ म्हणते, ती ओळ पेटीवर वाजवा. सा सां नि प ध नि सां. सगळे शुद्ध. आता १९३९च्या सिनेमातल्या इंद्रधनुष्याच्या गाण्याची सुरुवात वाजवा. तेच सात सूर, त्याच क्रमाने. श्वार्ट्झनी हे मुद्दाम केलंय. लय आणि खालची सुरावट बदलली आहे, त्यामुळे ऐकताना चटकन लक्षात येत नाही. जुन्या सिनेमात ते सूर डोरोथीचे होते, जगाने जिच्यावर माया केली त्या मुलीचे. इथे तेच सूर जिचा जगाने तिरस्कार केला तिच्या तोंडी दिलेत.

आणि पुढे ऐका. ‘डिफाइंग ग्रॅव्हिटी’त तेच सूर परत येतात, तेव्हा ती ग्लिंडाला बरोबर चल म्हणत असते. तिसऱ्यांदा दुसऱ्या भागात ‘फॉर गुड’च्या तोंडाशी येतात, तेव्हा शब्द थोडासाच बदललेला असतो, ‘आय ॲम लिमिटेड’. कालपर्यंत जिला मर्यादा नव्हती ती म्हणते, माझं इथवरच, आता तू कर. सूर तेच, एका अक्षराच्या फरकाने सगळं आयुष्य फिरलं. मी हे वाजवून पाहिलं त्या रात्री झोपलो नाही.

आता तुकड्यांबद्दल. तिसरी घंटा यांचं म्हणणं सांगीतिक दृष्टीने बरोबर आहे. गाणं ज्या ताणावर चढतं तो मधल्या संवादांत सुटतो. पण सिनेमात दोघीही चित्रीकरणाच्या जागीच प्रत्यक्ष गायल्या आहेत, आधी ध्वनिमुद्रण करून नुसते ओठ हलवलेले नाहीत. ध्वनीचं काम सायमन हेज यांचं, ‘ले मिझराब्ल’साठी ऑस्कर मिळालेले तेच. एरिव्हो तारांना लटकून, हवेत गरगर फिरत गायली आहे. तो श्वास ऐका. शेवटच्या तानेच्या आधी तिचा श्वास आत जाताना ऐकू येतो. स्टुडिओत बसून गायली असती तर तो पुसून टाकला असता. मला त्या श्वासासाठी तुकडे माफ आहेत.

सांजवारा

पेटीवाला, आत्ता मोबाइलवरच्या पेटीवर वाजवून पाहिलं. अंगावर काटा आला. +१

वन्समोअर

आमच्या आजोबांना संगीत नाटकांचं वेड होतं, त्यामुळे हा धागा वाचून राहवलं नाही.

आपल्याकडे ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७चं नाटक, दारव्हेकरांचं लेखन, अभिषेकीबुवांचं संगीत, वसंतरावांचे खाँसाहेब. त्यावर २०१५मध्ये सिनेमा आला. तेव्हाही घरात हाच वाद झाला होता. आजोबांचं म्हणणं होतं, नाटकात पद संपलं की टाळ्या पडतात, कधी वन्समोअर येतो, नट थांबतो, पुन्हा गातो, आणि प्रेक्षकांनी जे दिलं ते घेऊनच पुढचा प्रवेश सुरू होतो. सिनेमात पद संपलं की लगेच पुढचा शॉट. श्रोत्याला आपलं द्यायला जागाच नाही.

‘विकेड’मध्ये मला ती अडचण जागोजागी दिसली. ‘पॉप्युलर’ संपतं तेव्हा नाटकात ग्लिंडा टाळ्यांवर खेळते, तो तिचा स्वभावच आहे, तिला टाळ्या हव्या असतात. सिनेमात ग्रांडे ते सगळं करते, झुंबराला लोंबकळते, केस उडवते, पण समोर कुणी नाही. मग तिने काय केलं? आरशात बघून स्वतःसाठीच केलं. मला ती युक्ती फार भावली. टाळ्या नाहीत म्हणून ग्लिंडा एकटी वाटते, आणि ती खरंच एकटी आहे.

तिसरी घंटा

हे मला सुचलंच नव्हतं. परत बघणार.

कोपऱ्यातली खुर्ची

म्हटल्याप्रमाणे रंगांबद्दल.

१९३९च्या सिनेमाने टेक्निकलर रंग मिरवायला काय काय केलं, ते आज पाहिलं तरी डोळे दिपतात. बॉमच्या पुस्तकात डोरोथीचे बूट चांदीचे आहेत, सिनेमावाल्यांनी ते माणकाचे लाल केले, कारण पिवळ्या विटांच्या रस्त्यावर लाल उठून दिसतो. चेटकिणीचा हिरवा रंगही तिथलाच. मार्गारेट हॅमिल्टनला जो हिरवा रंग लावायचे त्यात तांबं असायचं. एका दृश्यात आगीचा भडका उडून तिचा चेहरा आणि हात भाजले, तेव्हा तो रंग घाईघाईने खरवडून काढावा लागला. त्या हिरव्या रंगासाठी एका बाईने एवढं सोसलं आहे, हे मी विसरू शकत नाही.

आता नवा सिनेमा. ओझमधल्या मंचकिनलँडसाठी इंग्लंडमध्ये नॉर्फकच्या शेतात सुमारे ९० लाख ट्यूलिप लावले. खरे! पाचूनगराची आगगाडी खरी बांधली. शिझ विद्यापीठाच्या ग्रंथालयातली फिरती चाकं खरी, त्यात नट खरेच नाचलेत. नेपथ्याला आणि पॉल टेझवेल यांच्या वेशभूषेला ऑस्कर मिळालं, आणि वेशभूषेचं ऑस्कर मिळवणारे टेझवेल पहिले कृष्णवर्णीय पुरुष. या सगळ्याबद्दल मला प्रचंड आदर आहे, म्हणूनच वाईट वाटतं. एवढं खरं खरं उभं केलं आणि मग पात्रांच्या पाठीमागून इतका प्रकाश सोडला की अर्ध्या दृश्यांत रंग धुऊन निघाल्यासारखे दिसतात. ती ट्यूलिपची शेतं पाहा, खऱ्या फुलांवर दुधाची साय धरल्यासारखी. दिग्दर्शकाचं म्हणणं होतं, की ओझ ही खरी जागा वाटावी, माती आणि झीज दिसावी. मान्य. पण आमच्याकडच्या मार्चमधल्या उन्हात पळस बघा, खराच असतो आणि डोळ्यांत घुसतो.

जर्सीकर

कोपऱ्यातली खुर्ची, एका गोष्टीची भर. एल्फाबाचा हिरवा रंग यातही खराच लावलेला आहे, संगणकाने भरलेला नाही. आणि एरिव्होने बारीक वेण्या आणि लांब नखं स्वतः आग्रहाने मागून घेतली. माझ्या मुलीची मैत्रीण कृष्णवर्णीय आहे, तिच्याही तशाच बारीक वेण्या आहेत. सिनेमा सुटल्यावर ती टोपीखालून वेण्या पुढे ओढून फोटो काढत होती.

साकव

इथे कुणी नेसारोझबद्दल बोललं नाही, म्हणून लिहिते.

माझी मोठी बहीण व्हीलचेअर वापरते. नेसारोझ, एल्फाबाची धाकटी बहीण, गोष्टीत व्हीलचेअरवर आहे. रंगमंचावर ही भूमिका वर्षानुवर्षं चालू शकणाऱ्या नट्यांनी केली. सिनेमात मारिसा बोडी आहे, जी स्वतः व्हीलचेअर वापरते. फरक कुठे दिसला सांगते. पहिल्या भागात विद्यापीठात आल्या आल्या तिथली एक बाई तिला न विचारता तिची खुर्ची मागून ढकलायला लागते. बोडीचा चेहरा बघा. ताईचा चेहरा नेमका तसा होतो. प्रत्येक मॉलमध्ये, प्रत्येक लग्नात, कुणीतरी न विचारता मागून हात घालतं. ताईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “हे तिने कुणाला विचारून केलेलं नाहीये.”

नाटकाच्या दुसऱ्या अंकात एल्फाबा बुटांवर मंत्र टाकते आणि नेसारोझ उठून चालू लागते, लोक टाळ्या वाजवतात. सिनेमाच्या दुसऱ्या भागात हे बदललं. मंत्राने ती चालत नाही, हवेत तरंगते. ताईला मी आधी सांगितलं नव्हतं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की तिला लहानपणापासून स्वप्नात चालायला येतच नाही, ती स्वप्नात पोहते. वर कुणीतरी म्हणालं की उडणं रंगमंचावरच खरं वाटतं. आमच्या घरात पडद्यावरचं हे एक उडणं खरं वाटलं.

तिसरी घंटा

साकव, यावर मी काय लिहू. तुमच्या ताईंना नमस्कार सांगा.

मुलुंडकर

मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तल्या चिंची चेटकिणीला घाबरत मोठे झालेले आम्ही. शिवाजी मंदिरात पोरं ओरडून गलबत्याला सांगायची की मागे चेटकीण आहे. ‘विकेड’ पाहताना पहिल्यांदा मनात आलं की चिंचीलाही कुणी लहानपणी हसलं असेल का. माझ्या मुलाने हाच प्रश्न विचारला म्हणून लिहिलं.

खडूफळा

मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे माझं लक्ष डॉक्टर डिलामंडवर होतं. तो बोकड आहे आणि विद्यापीठात इतिहासाचा प्राध्यापक आहे. पीटर डिंक्लेजचा आवाज. त्याला गॅलिंडाचं नाव नीट उच्चारता येत नाही, तो ग्लिंडा म्हणतो, आणि ती वर्गात चिडून त्याला दुरुस्त करते. एके दिवशी तो फळा फिरवतो तर मागे कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं, की प्राण्यांनी दिसावं, बोलू नये. पुढे त्याला वर्गातूनच धरून नेतात आणि त्याच्या जागी आलेला माणूस सिंहाचं पिल्लू पिंजऱ्यात घालून आणतो, याला बोलायला कधी येणारच नाही असं सांगत. गॅलिंडा त्यानंतर आपलं नाव ग्लिंडा करते, त्याच्या आठवणीत म्हणे, पण खरं तर तिला आवडणाऱ्या फियेरोवर छाप पाडायला. तो एकच क्षण ती किती उथळ आहे आणि किती प्रेमाची भुकेली आहे हे दोन्ही सांगतो.

मॅग्वायरनी कादंबरी आखाती युद्धाच्या काळात लंडनमध्ये असताना योजली. वर्तमानपत्रं शत्रूला एका शब्दात राक्षस कशी करतात आणि वाचणाऱ्याचं मत त्याने कसं झटकन ठरतं, हे त्यांना जाणवलं. ओझवर राज्य करणाऱ्या जादूगाराचं सगळं राजकारण त्यातूनच आलंय, लोकांना एकत्र बांधायला एक शत्रू दिला की पुरे. नाटकात हा धागा गाण्यांच्या गर्दीत थोडा दबतो. सिनेमाने त्याला वेळ दिला. १६० मिनिटं लांब झाली अशी तक्रार सगळीकडे वाचली. अख्खं नाटक मध्यंतर धरून पावणेतीन तासांचं आहे आणि यांनी तेवढा वेळ फक्त पहिल्या अंकाला लावला, हे खरं. पण त्यातली वीस मिनिटं डिलामंडला मिळाली असतील तर माझी हरकत नाही. आठवीच्या वर्गाला मी तो फळ्याचा प्रसंग तोंडी सांगितला. त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी तिघं-चौघं टेबलाभोवती उभेच होते.

सांजवारा

मी पुण्यात पाहिला तेव्हा थिएटरने मध्यंतर ऐन ओझडस्टच्या आधी घातलं. टोपी घालून ती जिना उतरतेय आणि दिवे लागले! पॉपकॉर्न घेऊन लोक येईपर्यंत प्रसंग अर्धा. नाव लिहीत नाही, पण फार वाईट वाटलं.

तिसरी घंटा

अरे देवा. नेमकं तिथे!

दुसऱ्या भागाबद्दल थोडं. नाटकाचा दुसरा अंक तासाभराचा, घाईचा. डोरोथी, कथिलाचा माणूस, बुजगावणं, भित्रा सिंह, सगळ्यांचं मूळ त्यात सांगून टाकायचं असतं. सिनेमाने त्याची १३७ मिनिटं केली आणि श्वार्ट्झनी दोन नवी गाणी दिली, एक एल्फाबाला, एक ग्लिंडाला. मला दोन्ही गाणी गोष्टीला थांबवणारी वाटली. ग्लिंडाच्या गाण्यामागचा विचार चांगला आहे, ती आपला बुडबुडा फोडायला तयार होते. पण ग्रांडे ते डोळ्यांनी आधीच सांगून चुकलेली असते.

तरी ‘फॉर गुड’नंतरचा दाराचा प्रसंग विसरता येत नाही. गाणं संपलंय, ग्लिंडाला एल्फाबाने आत कोंडलंय, मधे एक बंद दार, दोघी दोन बाजूंनी त्याला टेकलेल्या. नाटकात ही जागा झटकन निघून जाते. पडद्यावर दोघींची पाठ एकाच लाकडाला लागलेली दिसते. पुन्हा तेच झालं बघा, जिथे आवाज थांबतो तिथे सिनेमा नाटकाच्या पुढे जातो.

पेटीवाला

हे पटलं. आणि म्हणूनच ‘नो गुड डीड’मध्ये माझी निराशा झाली. रंगमंचावर एक बाई, एक मंत्राचं पुस्तक आणि वाढत जाणारा आवाज, एवढंच. सिनेमात माकडं, वारा, दगड, सगळं फिरतंय आणि तिच्या आवाजाला उभं राहायला जागा मिळत नाही.

जर्सीकर

२०२४च्या नाताळापासून इथे सगळ्यांनी मिळून गायचे खेळ लावले होते, पडद्यावर शब्द येतात. त्याआधी गाऊ नका म्हणून थिएटरांत पाट्या होत्या. आम्ही गेलो त्या खेळाला ‘डिफाइंग ग्रॅव्हिटी’च्या शेवटच्या तानेला अख्खं थिएटर गात होतं, अर्ध्यांचा सूर लागत नव्हता, आणि संपल्यावर लोक स्वतःसाठीच टाळ्या वाजवत राहिले. वन्समोअर यांच्या आजोबांना सांगा, द्यायला जागा मिळाली.

वन्समोअर

आजोबा जाऊन चार वर्षं झाली. पण सांगतो.

साकव

एक विचारायचं होतं. ताईने ठरवलंय की नाटक पाहायचंच. जूनमध्ये माझ्या नवऱ्याच्या कामासाठी लंडनला जातोय, तेव्हा अपोलो व्हिक्टोरिया करणार. व्हीलचेअरच्या जागा ठरलेल्या असतात, त्यांच्याशी फोनवर बोलणं चालू आहे. माझं तिकीट ताईशेजारी मिळेल, पण नवऱ्याला वर बसावं लागेल असं दिसतंय. कुठे बसवू त्याला?

तिसरी घंटा

किती आनंद झाला! त्यांना वरच्या मजल्यावर मधल्या भागात बसवा, अगदी कडेचं तिकीट नको, कडेने ड्रॅगनही अर्धाच दिसतो. शेवटच्या रांगा चालतील. ‘डिफाइंग ग्रॅव्हिटी’ला त्यांचं काही बिघडणार नाही, उलट तिचा झगा खाली किती पसरतो ते वरूनच नीट दिसतं. फक्त घरातली दुर्बीण बरोबर द्या आणि ओझडस्टला टोपी दिसली की डोळ्याला लावायला सांगा.